बांधून आणलेलं इंजिन जुन्या पिकअपमध्ये चढवताना

गेल्या नोव्हेंबरात दिंडोरी तालुक्यातल्या एका आबांची पिकअप माझ्या नाशिकच्या आडगाव नाक्याजवळच्या शेडमध्ये ट्रॅक्टरमागं ओढत आली. महिंद्राची, १९८६ ची, प्युजो एक्सडीपी ४.९० इंजिनाची. २११२ सीसी, चार सिलिंडर, डिझेल, मागं चार गिअरचा बॉक्स. द्राक्षाचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, लग्नाच्या पंगतीची भांडी असं सगळं तिनं वाहिलेलं. इंजिन ऑइल पीत होतं आणि तिसरा गिअर चढावर आपोआप न्यूट्रलला पडत होता. आबांचा मुलगा नवी गाडी घ्या म्हणत होता. आबा मला एवढंच म्हणाले, "तू ही उभी करून दे रे, बाकीचं मी बघतो."

इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून नाशिकच्याच अंबडला ग्राइंडिंगवाल्याकडे बांधायला दिले. महिनाभरात दोन्ही बांधून आले. हा लेख तिथून पुढचा आहे. इंजिन कसं बांधायचं ते यात नाही. बांधलेलं इंजिन गाडीत कसं चढवायचं, गिअरबॉक्सशी कसं जोडायचं आणि पहिल्यांदा कसं चालू करायचं, तेवढंच आहे. बरेच जण हे शेवटचं किरकोळ काम समजतात. मी सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून हेच करतोय, आणि माझं मत असं झालंय की चांगली बांधलेली इंजिनं लेथवर बिघडत नाहीत तेवढी चढवण्याच्या दिवशी बिघडतात. कारणं दोन: घाण आणि ओढाताण. हातानं ढकलून जे बसत नाही ते बोल्टनं ओढून बसवायचं नाही, हा एक नियम पाळला तरी निम्मं नुकसान टळतं.

इंजिन ताब्यात घेताना

ग्राइंडिंगवाल्याकडून इंजिन उचलण्याआधी तिथंच अर्धा तास काढा. बिलावर साइज लिहून घ्या: क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) किती घासला, बेअरिंग सेट कोणत्या साइजचा टाकला, पिस्टन कोणत्या साइजचे. कारागीर अजूनही "दहा", "वीस" असं बोलतात, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. मिलिमीटरमध्ये ते साधारण ०.२५ आणि ०.५० होतात. पाच-सात वर्षांनी इंजिन पुन्हा उघडलं तर हा कागद सोन्यासारखा उपयोगी पडतो.

मग पुढच्या पुलीच्या बोल्टला गोटी पाना आणि लांब दांडा लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. नॉझल (डिझेल फवारणारे) आणि हीटर प्लग (गार इंजिन आतून तापवणारे) काढलेले असावेत, म्हणजे कॉम्प्रेशन आडवं येत नाही. नव्या रिंगांमुळे जड जाईल, पण सगळीकडे सारखंच जड जायला हवं. एका ठिकाणी अडून पुढं सुटत असेल तर इंजिन तिथंच ठेवा आणि कारण विचारा. क्रँक पुढं-मागं किती सरकतो ते डायल गेजनं, म्हणजे बारीक हालचाल सुईवर दाखवणाऱ्या मापकानं, मोजा. थोडा प्ले हवाच, तो गाडीच्या सर्व्हिस बुकातल्या आकड्याच्या आत हवा. क्लच दाबला की क्रँकला पुढं ढकलणारा जोर लागतो आणि तो जोर थ्रस्ट वॉशर पेलतात, म्हणून हे माप महत्त्वाचं.

एक प्रश्न न लाजता विचारा: ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, प्लग काढून आत ब्रश मारला का? ग्राइंडिंगची पूड त्या भोकांमध्ये बसलेली असते. ऑइलबरोबर ती थेट नव्या बेअरिंगवर जाते आणि पहिल्या तासातच बेअरिंगवर रेघा ओढते.

गिअरबॉक्स टेबलावर ठेवूनच चारही गिअर टाकून बघा. एका हातानं इनपुट शाफ्ट फिरवा, दुसऱ्यानं लिव्हर. आबांचा तिसरा पडत होता, म्हणून मी खास विचारलं की लॉकचे बॉल-स्प्रिंग बदलले का, सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगांच्या) दात्यांची टोकं गोल झाली होती का, आणि शाफ्टचा पुढं-मागं होणारा प्ले काढला का. गिअर पडण्याचं कारण या तिन्हींपैकी कुठंही असू शकतं. नुसती स्प्रिंग बदलून दिली तर तो दोन महिन्यांत पुन्हा पडायला लागतो.

कागदाचंही आत्ताच बघा. ब्लॉक तोच राहिला असेल तर इंजिन नंबर तोच राहतो, काही करावं लागत नाही. ब्लॉक किंवा आख्खं इंजिन बदललं असेल तर आरसीवर नोंद लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याबद्दलच आहे. बदली टाकलेल्या इंजिनाच्या खरेदीचं बिल घेऊन पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारून या. इंजिन चढल्यावर नंबराची खटपट करण्यापेक्षा ते बरं.

रिकामी गाडी

बॉनेटखालची जागा रिकामी असते तो दिवस वाया घालवू नका. डिझेल आणि ब्रशनं चॅसी धुवा, वाळू द्या, मग टॉर्च घेऊन इंजिन फाउंडेशनच्या ब्रॅकेटभोवती तडे शोधा. आमच्याकडे शेतरस्त्यावर चाललेल्या गाड्यांना तिथं हमखास केसासारखा तडा असतो. आबांच्या गाडीला डाव्या बाजूला बोटभर निघाला. तो वेल्डिंग करून मगच पुढं गेलो. फाउंडेशनचे रबर नवेच टाका. जुने रबर एका बाजूला दबलेले असतात, त्यामुळे इंजिन वाकडं बसतं आणि पुढच्या सगळ्या जोडण्या वाकड्या होतात.

क्लचच्या लिंकेजचे बुश, ब्रेकचे पाइप, डिझेलचे रबर होज हे सगळं आत्ता हाताला लागतं, नंतर लागणार नाही. रेडिएटर उघडून रॉडिंग करून घ्या, म्हणजे सळई घालून नळ्या साफ करून घ्या. घाण झालेल्या रेडिएटरवर नवं इंजिन ठेवणं म्हणजे पहिल्याच उन्हाळ्यात हेड गॅस्केट गमावणं.

डिझेलची टाकी उतरवाच. आबांच्या टाकीतून वाटीभर लालसर गाळ निघाला. नॉझलचं भोक किती बारीक असतं ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. सातपूरचा मायकोचा कारखाना, म्हणजे आताची बॉश, नॉझल आणि इंजेक्टरसाठीच ओळखला जातो. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं, पण मायको सर्कल मायको सर्कलच राहिलं. त्या नॉझलच्या सुईची फिटिंग मायक्रॉनमध्ये असते. तिथं टाकीतली गंजपूड पोचली तर बांधलेल्या इंजिनाचा पैसा धुरात जातो. टाकी धुवा, वाळवा, आणि नॉझल पंपवाल्याकडे प्रेशरला तपासून आणा. फवारा धुक्यासारखा हवा, थेंब पडता कामा नये.

आता फडक्यांची गोष्ट. उघड्या तोंडांमध्ये फडकं कोंबायची सगळ्यांनाच सवय असते. एकदा दुसरीकडे बसवलेलं एक इंजिन माझ्याकडे गरम होतंय म्हणून आलं. रेडिएटर बदललेला, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) बदललेली, थर्मोस्टॅट काढून टाकलेला. शेवटी हाउसिंग उघडलं तर पाण्याच्या वाटेत राखाडी फडक्याचा गोळा बसलेला. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये इंजिनाला फक्त लाल फडकी वापरतात. किती कोंबली तो आकडा भिंतीवर खडूनं लिहायचा, आणि तेवढी मोजून परत आल्याशिवाय एकही पाइप जोडायचा नाही.

फ्लायव्हील, क्लच आणि मधली चार बोटं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकी सगळं चुकलं तर वरून दुरुस्त होतं. हे चुकलं तर इंजिन पुन्हा उतरवावं लागतं.

क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील नवं असल्याची खात्री करा. तिथंच मध्यभागी पायलट बेअरिंग बसतं. सुपारीएवढी वस्तू, पण गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक त्यात टेकतं. नवंच टाका. हातोडा थेट बेअरिंगवर मारू नका, बाहेरच्या कड्याच्या मापाचा पाइप ठेवून हलके ठोके द्या. नंतर बोट घालून फिरवून बघा, खरखर लागता कामा नये.

फ्लायव्हीलचा चेहरा जळका, निळे डाग पडलेला असेल तर लेथवर फेस मारून घ्या. रिंग गिअरचे दाते बघा. बसवताना क्रँकची फ्लँज आणि फ्लायव्हीलची मागची बाजू पेट्रोलनं पुसून कोरडी करा. एक कण मध्ये राहिला तरी फ्लायव्हील डुलतं. बोल्ट साफ करून थ्रेड लॉकचा थेंब लावा, समोरासमोरचे आळीपाळीनं, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानं आवळा. आकडा बुकातलाच, अंदाजाचा नको. मग डायल गेज ब्लॉकवर लावून इंजिन हातानं फिरवा आणि फ्लायव्हीलची डूल बघा.

बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं घंटेसारखं आवरण) नुसतं लावून तेही एकदा मोजायला हवं. गेज फ्लायव्हीलवर बसवायचा आणि सुई हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेवर टेकवून पूर्ण फेरा फिरवायचा. भोक क्रँकच्या मध्याशी जुळत नसेल तर सुई खाली-वर पळते. जुन्या गाड्यांत साधारण ०.१३ मिमीपर्यंत चालतं, असा हिशेब धरतात. त्यापेक्षा जास्त पळाली तर बहुतेक वेळा एखादी डॉवेल पिन (दोन भाग नेमक्या जागी जुळवणारी खुंटी) गायब असते किंवा दोन भाग टेकतात त्या पृष्ठावर जुन्या गॅस्केटचा चिकटा राहिलेला असतो. गिअर पडण्याचं आणि पायलट बेअरिंग वारंवार जाण्याचं हेही एक कारण आहे, आणि गिअरबॉक्स कितीही चांगला बांधला तरी ते जात नाही. आबांच्या गाडीला वरची डॉवेल नव्हतीच. आधी कधीतरी कुणीतरी इंजिन उतरवलं तेव्हा ती हरवली असणार. लेथवर नवी करून घेतली आणि सुई शांत झाली.

क्लच प्लेट बसवताना दिशा बघा. हबचा उंच भाग सहसा गिअरबॉक्सकडे असतो, आणि बऱ्याच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टला घासतो आणि क्लच सुटतच नाही. प्लेटला ऑइलचे हात लावू नका, मी कोपऱ्यावर साबणाचा तांब्या ठेवतो. प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम. भंगारवाल्याकडून एक घेऊन ठेवा, आयुष्यभर पुरतो. तो पायलट बेअरिंगपर्यंत घालून ठेवा आणि मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. शेवटी शाफ्ट हातानं सहज निघाला आणि सहज परत गेला, तर प्लेट मध्यावर आहे.

रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलणारं, नवंच टाका. ते ज्या नळीवर सरकतं तिच्यावर झिजून कंगोरा पडलाय का, ते नखानं बघा. स्प्लाइनच्या (इनपुट शाफ्टवरच्या उभ्या खाचांच्या) दात्यांना ग्रीस अगदी नखभर लावा आणि जास्तीचं पुसून टाका. उरलेलं ग्रीस फिरताना उडून प्लेटवरच जातं.

आता जोडणी. शक्य असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स जमिनीवरच जोडा आणि अख्खं धूड एकदम चढवा. त्यासाठी पुढचा पत्रा आणि रेडिएटर काढावा लागतो, पण ते तासाभराचं काम आहे. गाडीखाली पाठीवर झोपून छातीवर गिअरबॉक्स घेण्यापेक्षा कितीतरी बरं.

दोन जुने लांब बोल्ट घ्या, त्यांची डोकी कापा आणि टोकाला हॅकसॉनं खाच पाडा. हे ब्लॉकच्या वरच्या दोन भोकांत घातले की वाटाड्यासारखे काम करतात. गिअरबॉक्स त्यांच्यावर सरकत सरळ येतो, खाली लोंबत नाही. काम झाल्यावर खाचेत पेचकस घालून ते काढून घ्यायचे. गिअरबॉक्सचं वजन एक क्षणही क्लच प्लेटच्या हबवर टाकायचं नाही, हे कायम लक्षात ठेवा.

ढकलत गेलं की साधारण चार बोटं अंतर राहिल्यावर गाडं थांबतं. स्प्लाइनचे दाते दात्यांवर टेकलेले असतात. इथं घाई करणारे फसतात. गिअरबॉक्स कोणत्याही गिअरमध्ये टाका, मागची फ्लँज हातानं जरा जरा फिरवा आणि त्याच वेळी पुढं ढकला. दाते जुळले की खट् न करता मऊ सरकतो. मग पुन्हा शेवटच्या बोटभर अंतरावर थांबतो, तिथं टोक पायलट बेअरिंगमध्ये शिरत असतं. मागचा भाग पाव इंच वर-खाली, डावा-उजवा करून बघा. बेल हाउसिंग ब्लॉकला हातानं टेकलं पाहिजे, सगळीकडून, नखही जाणार नाही असं. त्यानंतरच बोल्ट.

२००४ च्या फेब्रुवारीत मी हे पाळलं नाही. निफाडकडची गाडी होती, द्राक्षाचा हंगाम तोंडावर, मालक दारात उभे. बोटभर फट राहिली होती. मी दोन बोल्ट लावले आणि आळीपाळीनं ओढत गेलो. बसला. चालू केल्यावर क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर करकरतच बसायचा. तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उतरवलं तर प्लेटचा हब वाकलेला आणि पायलट बेअरिंगचं कडं फुटलेलं. त्या माणसाचा सौदा झालेला माल दोन दिवस दुसऱ्याच्या गाडीनं गेला, भाडं मी दिलं. पैसे गेले त्याचं काही नाही. हंगामात शेतकऱ्याचे दोन दिवस गेले, ते मला अजून बोचतं.

चढवणं

शेडच्या गर्डरला लावलेली एक टनाची चेन कप्पी घ्या. जोडलेलं धूड काही शे किलोंचं असतं, त्यात कमी क्षमतेच्या कप्पीवर विश्वास ठेवायचा नाही. पट्टा इंजिनाच्या उचलायच्या कड्यांना लावा, मॅनिफोल्डला किंवा पंपाच्या पाइपांना कधीच नाही. गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकलेली हवी, म्हणजे ती आधी बोगद्यात शिरते. शेपटीखाली ट्रॉली जॅक धरायला एक माणूस, कप्पीवर एक, आणि पुढं उभं राहून सांगणारा एक. सांगणारा एकच हवा. दोघं एकदम "थांब" आणि "सोड" ओरडले की बोट जातं. लटकत्या इंजिनाखाली कुणाचाही हात, पाय, डोकं नको, हेल्पर पोराला हे कामाआधी सांगा, मध्येच नको.

पुढच्या दोन्ही फाउंडेशनचे बोल्ट फक्त हातानं घाला. मग मागची क्रॉस मेंबर आणि तिचे बोल्ट, तेही ढिलेच. सगळे बोल्ट भोकात गेल्यावर कप्पी हळू सोडा, वजन रबरांवर येऊ द्या, इंजिन दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. ते आपली जागा स्वतः शोधतं. त्यानंतर आवळा. एखादं भोक जुळत नसेल तर पहार घालून ओढू नका, सगळे ढिले करून पुन्हा हलवा. सायलेन्सरच्या पाइपालाही हेच लागू. मॅनिफोल्डपासून सुरू करून मागं जा आणि सगळे क्लँप शेवटी आवळा. ताणून बसवलेला पाइप चार महिन्यांत मॅनिफोल्डला तडा देतो.

गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही जोर पोचवणारी पेटी) गिअरबॉक्सच्या मागं लटकते आणि शेपटी बरीच जड होते. मग ती वेगळी ठेवून नंतर चढवणंच मी पसंत करतो.

जोडण्या

प्रोपेलर शाफ्ट उतरवताना खुणा केल्या असतील तर त्याच खुणांवर लावा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत, नाहीतर चाळीसच्या पुढं गाडी थरथरते आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात. शाफ्टच्या सांध्यांतल्या क्रॉसना ग्रीस मारा. स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, गिअर लिव्हर. गिअरबॉक्सचं ऑइल बाजूच्या प्लगमधून ओघळेपर्यंत. बुकात जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलं असेल तर "भारीतलं" म्हणून जीएल-५ टाकू नका. त्यातली जास्तीची गंधकाची रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

अर्थिंगची पट्टी. ही मी वेगळी सांगतो, कारण ती सर्रास विसरतात. इंजिन रबरांवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते चॅसीपासून तुटलेलं आहे. इंजिन आणि चॅसी यांच्यात जाड विणलेली तांब्याची पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोची केबल, गिअरचे रॉड. दोन-तीनदा सेल्फ मारला की केबल तापून धूर निघतो. पट्टीची दोन्ही टोकं रंग खरवडून चकचकीत धातूवर बसवा.

क्लच पेडलला सुरुवातीला दोन-अडीच सेंटिमीटर मोकळा प्ले ठेवा. लिंकेजची पद्धत गाडीप्रमाणे वेगळी असेल तर बुकातलं माप घ्या. प्ले नसेल तर रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं आणि क्लच अर्धा सुटलेला राहतो.

पहिली चावी

स्टॉप केबल, म्हणजे पंपाचं डिझेल तोडून इंजिन बंद करणारी, ओढून बघा. पंपावरचा दांडा शेवटपर्यंत जातो का, स्वतः डोळ्यांनी बघा. डिझेल इंजिन चावी फिरवून बंद होईलच असं नाही. ते सुसाट सुटलं तर हवा बंद करणं हाच उपाय, म्हणून एअर इनटेकच्या तोंडावर बसेल अशी जाड फळी हाताशी ठेवा. नुसता हात ठेवायला जाऊ नका. शेजारी आग विझवायचं सिलिंडर.

ऑइल भरा, फिल्टर उभा बसणारा असेल तर तोही भरून लावा. नॉझल आणि हीटर प्लग काढलेल्या अवस्थेतच, स्टॉप ओढून ठेवून, सेल्फ मारा: दहा सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती, पुन्हा दहा. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. कॉम्प्रेशन नसल्यानं बेअरिंगवर भार नसतो आणि ऑइल सगळीकडे पोचतं. काटा हलतच नसेल तर पुढं जाऊ नका, पंपानं ऑइल उचललेलं नाही. आबांच्या इंजिनाला चौथ्या वेळी काटा उठला. मग रॉकर कव्हर काढून बघितलं, रॉकरवरून ऑइल ओघळत होतं. तेव्हा कुठं नॉझल नव्या तांब्याच्या वॉशरवर बसवले.

पाणी कुलंट मिसळून, हळू, हीटरचा कॉक असेल तर तो उघडा ठेवून भरा. डिझेलची एअर काढा. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर मारा, बुडबुडे थांबून सरळ धार येईपर्यंत. मग पंपावरचा स्क्रू. शेवटी नॉझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारा. प्रत्येकातून डिझेल उडालं की आवळा. उडत्या डिझेलसमोर हात धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं आणि ते दवाखान्याचं काम होतं.

डिसेंबरची सकाळ होती. निफाड-दिंडोरीकडं थंडी उतरली की जुनी डिझेल गाडी हीटरशिवाय बोलत नाही. वीस-पंचवीस सेकंद हीटर दिला, सेल्फ मारला. आबा शेडच्या दारात चहाचा ग्लास धरून उभे होते. तिसऱ्या वेळी दोन सिलिंडर पेटले, मग चारही. पांढरा धूर, मग निळसर, मग काहीच नाही.

पहिल्या दहा सेकंदांत डोळे फक्त ऑइल प्रेशरवर. प्रेशर नाही तर लगेच स्टॉप. आहे, तर आयडलवर रेंगाळू देऊ नका. १,२०० ते १,५०० फेऱ्यांवर धरा, कॅमशाफ्ट नवा असेल तर पंधरा-वीस मिनिटं १,५०० ते २,००० मध्ये थोडं खाली-वर करत. नवं बांधलेलं इंजिन आयडलवर ठेवलं तर रिंगा बसत नाहीत, सिलिंडर गुळगुळीत चकाकतो आणि ऑइल पिण्याची सवय तिथून लागते. या वेळात गाडीभोवती फिरा. वास घ्या, हाताच्या मागच्या बाजूनं ऊब बघा, सांधे बघा, वरचा होज गरम झाला का ते बघा. तो गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बंद करून पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा आणि पाण्याची पातळी भरा. टॅपेटची फट बुकात सांगितल्याप्रमाणे गार किंवा गरम स्थितीत पुन्हा तपासा. हेड गॅस्केट पुन्हा आवळायला सांगणारं असेल तर त्याच क्रमानं टॉर्क द्या.

पहिले दीड हजार किलोमीटर

आडगावहून पिंपळगाव बसवंतला हायवेनं जाऊन परत आलो, रिकाम्या गाडीनं, चाळीस-पन्नासवर. परत येऊन क्लचचा प्ले, फाउंडेशनचे बोल्ट, होजचे क्लँप पुन्हा. दुसऱ्या दिवशी दिंडोरी-वणी रस्ता. तिथले हलके चढ-उतार रिंगा बसायला चांगले. चढाला जरा जोर, उताराला ॲक्सिलरेटर सोडून इंजिनाचा ब्रेक. एकाच वेगानं तासन् तास चालवू नका, आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवू नका. कसारा घाट आणि सप्तशृंग गडाची चढण भरलेल्या गाडीनं एवढ्यात नको. आबांचा तिसरा गिअर वणीच्या चढावर लिव्हरवर हात न ठेवता धरून राहिला. माझ्यासाठी त्या महिन्यातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

५०० किलोमीटरला ऑइल गरम असतानाच काढा. फिल्टर फेकू नका. हॅकसॉनं कापा, आतला कागद वर्तमानपत्रावर पसरा आणि उन्हात वाळू द्या. राखाडी बारीक पूड चालते, ती रिंगांची आणि सिलिंडरची. चकचकीत पातळ खवले निघाले तर ते बेअरिंगचे आहेत, गाडी थांबवून संप (इंजिनाखालची ऑइलची परात) काढायचा. आबांच्या फिल्टरची घडी मी आणि हेल्परनं मिळून बघितली, बोटानं चाचपली, चुंबक फिरवला. पूडच होती. आबांना फोन केला, येताना क्रेट भरून आणू नका म्हणून सांगितलं. १,५०० होऊन दुसरा फिल्टर कापून बघेपर्यंत पूर्ण माल भरायचा नाही.